बाबांच्या मापाचं पान

ऑफिसच्या बसमध्ये शेजारी बसलेले एक गृहस्थ मला एकदा म्हणाले, "मॅडम, आप एक बार आँखें दिखा लीजिए." त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या हातातल्या वाचायच्या यंत्रावरची अक्षरं एवढी मोठी होती की मागच्या सीटवरच्या माणसालाही फुकटात कादंबरी वाचता आली असती. एका पानात दहा-अकरा ओळी, एका ओळीत तीन नाहीतर चार शब्द. माझे डोळे तसे ठीक आहेत. जवळचं वाचायला चष्मा लागतो, पण तो या वयात कुणाला चुकलाय? अक्षरं मोठी होती ती बाबांमुळे, आणि सकाळच्या घाईत अनोळखी माणसाला हे सांगायला सुरुवात कुठून करायची? "हां, दिखाती हूँ," म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

मी बंगळुरात, येलहंक्याला, एकटी राहते. नोकरी संगणकातली आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. तुझ्या स्वभावाला अगदी साजेसं काम मिळालं, असं आई म्हणायची. लग्न केलं नाही. त्याची कारणं ऐकून कुणाचं समाधान झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही, तेव्हा ती इथेही सांगत बसत नाही. ऑफिसात दिवसभर इंग्रजी आणि हिंदी, भाजीवाल्याशी मोडकंतोडकं कन्नड. खालच्या मजल्यावरच्या अक्का जिन्यात भेटल्या की "ऊटा आयता?" म्हणून जेवण झालं का ते विचारतात, मी "आयतु" म्हणते आणि कुलूप उघडते. मराठी माझ्या तोंडून दिवसातून एकदाच निघतं, संध्याकाळी, अमरावतीला फोन लावला की.

अमरावतीला बाबा असतात. वीज मंडळात हिशेब तपासण्यात त्यांची नोकरी गेली. आई होती तोवर आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं होतं. बाबा फोन उचलायचे, "हं, बोल," म्हणायचे, आणि मी तोंड उघडायच्या आत, "थांब, देतो आईला." वर्षानुवर्षं मी बाबांशी एवढंच बोलले असेन. त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण आई सगळं सांगायची, बाबांचंही.

आई गेली. दिवसकार्य उरकून मी परत आले आणि पहिल्यांदा इथून फोन लावला. बाबांनी उचलला आणि सवयीनं म्हणाले, "थांब, देतो..." आणि तिथेच थांबले. मीही थांबले. शेवटी मी विचारलं, "ठेवू?" ते म्हणाले, "ठेव." फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या रडले. आईसाठी रडले, तशीच त्या अर्ध्या वाक्यासाठी रडले.

पुढे फोन रोज होत राहिले, पण त्यांत जीव नव्हता. "जेवले का?" "जेवलो. तू?" "हो." "थंडी आहे का तिकडे?" "नाही हो, इथे कुठली थंडी." दोन गावांचं हवामान सांगून झालं की विषय संपायचा. बाबांच्या मायेबद्दल मला कधी शंका नव्हती. पण त्यांना माया करायलाही हातात काहीतरी काम लागतं, नुसती त्यांना करता येत नाही. मला भीती वाटायची ती एकच. हा फोन असाच आटत जाईल. एक दिवस लावायचा राहून जाईल, मग दोन दिवस, आणि मग तिकडे तीन खोल्यांत ते आणि इकडे दोन खोल्यांत मी, कुणी कुणाचं नसल्यासारखे राहू. मला बाबांशिवाय कुणी नव्हतं, आणि बोलायचं धाडस मला त्यांच्यापेक्षा जास्त होतं असंही नाही.

लहानपणी मात्र आमच्यात एक गोष्ट होती. घरात वाचनालयाचं एकच कार्ड होतं आणि कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. ते बाबा आणि मी एकाच वेळी वाचायचो. बाबा सकाळी ऑफिसला निघण्याआधी, मी शाळेतून आल्यावर. त्यांची खूण एसटीचं तिकीट, माझी खूण रिबिनीचा तुकडा. जेवताना बाबा विचारायचे, "कुठवर आली?" मी पान सांगायचे. नियम असा की पान सांगायचं, गोष्ट सांगायची नाही. जो पुढे असेल त्यानं मागच्यासाठी थांबायचं. दोघं बरोबरीला आले की मग भांडायला मोकळे. आणि बाबा काय भांडायचे! हिशेबनीसानं कादंबरी वाचली की काय होतं ते एकदा लेखकांना ऐकवायला हवं होतं. "हा सकाळी नागपूरहून निघाला, मुंबईला भांडण केलं अन संध्याकाळी घरी जेवायला हजर! कोणत्या गाडीनं आला? मधात दिवसच खाऊन टाकला एक." आई म्हणायची, "ताटातलं गार होऊन राहिलं, त्याचा हिशेब करा आधी."

असंच एकदा हवामान सांगून झालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, वाचता का हो हल्ली काही?"

"नाही जमत. अक्षर म्हणजे मुंग्या दिसतात नुसत्या."

"मग स्क्रीनवर वाचा ना. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. एकच पुस्तक दोघं घेऊ."

मग बाबा म्हणाले, "पान सांगशील?"

मला एवढा आनंद झाला की मी त्याच दिवशी स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या कादंबऱ्या शोधून काढल्या आणि एक त्यांच्या मोबाइलवर पाठवली. पण मोबाइलवर काही जमलं नाही. अक्षर मोठं केलं की एका वेळी अर्धं वाक्य दिसायचं. बाबा म्हणाले, "खिडकीच्या फटीतून वरात पाहिल्यासारखं होते हे. नवरदेव दिसला न दिसला की गेला."

मग मी माझा जुना टॅबलेट कुरियरनं पाठवला. चांगला मोठा, चकचकीत. बाबा दिवाणावर उताणे पडून वाचतात, ही गोष्ट मी साफ विसरले होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डुलकी लागली आणि तो त्यांच्या नाकावर पडला. "पुस्तक पडलं तर लागत नाही. हा तर पाट आहे पाट. अन पानाच्या मधोमध ट्यूबलाइट दिसते ती निराळीच." नाकावर कुंकवाच्या बोटाएवढी खूण झाली होती, असं शेजारच्या काकूंनी मला फोन करून सांगितलं. वर, "म्हातारपणी कशाला ग त्यांना नादी लावतेस," हेही सांगितलं.

माझ्याकडे बसमध्ये वाचायला एक छोटं यंत्र होतंच. कागदासारखा मंद स्क्रीन, मागून उजेड मारत नाही, ट्यूबलाइटही दिसत नाही, वजन तर नाहीच. तसलंच एक बाबांना घेऊन दिलं. ते त्यांना आवडलं. पण अक्षर त्यांना सोसेल एवढं केलं की दुसरी अडचण यायची. आपण मराठीत शब्दाला सगळं चिकटवत जातो. 'स्वयंपाकघरातल्यासारखं' असा एक शब्द आला की त्या चिंचोळ्या स्क्रीनवर तो एकटाच आख्खी ओळ अडवून बसायचा, नाहीतर कमरेत तुटून खाली यायचा. इंग्रजीला अरुंद पान चालत असेल, आपल्याला थोडं ऐसपैस लागतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि पानाचा घोळ तर सगळ्यात मोठा. पहिल्याच आठवड्यात बाबांनी विचारलं, "कुठवर आली?"

"नव्वदाव्या पानावर. तुम्ही?"

"मी चारशे बारावर. का बरं? फार काम असते का ऑफिसात?"

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. अक्षर मोठं की पानं जास्त. त्यांचं पुस्तक माझ्यापेक्षा चौपट जाड झालं होतं. मी समजावलं की खाली टक्केही दिसतात, आपण टक्के सांगू. बाबा भडकले. "टक्के? कादंबरी आहे का मॅट्रिकचा निकाल?" मग प्रकरणं सांगून पाहिली. एकेक प्रकरण मारुतीच्या शेपटासारखं, त्याच्या कोणत्या टोकाला कोण आहे ते कळेना. चार दिवसांत आमची गाडी पुन्हा हवामानावर आली.

तेव्हा मी हट्टाला पेटले. दोन ठिकाणी एकच उत्तर हवं असेल तर दोन्हीकडची यंत्रं आणि सेटिंग तंतोतंत सारखी लागतात, हे मी ऑफिसात रोज लोकांच्या कानीकपाळी ओरडत असते. तेच घरी करायचं. दोघांकडे एकाच आकाराची यंत्रं, एकच अक्षर, तेवढंच मोठं, कडेची जागा सारखी, ओळींमधलं अंतर सारखं. म्हणजे बाबांच्या पानावर शेवटचा शब्द जो असेल तोच माझ्या पानावर असेल. ऑफिसातल्या एकीला सांगितलं तर ती हसली. टक्क्यांवर भागत असताना एवढा खटाटोप कोण करतं? तिचे आईवडील तिच्याच घरी राहतात. तिला काय सांगणार?

आकार बाबांनी ठरवायचा होता, कारण धरणार ते. सुट्टीत अमरावतीला गेले तेव्हा कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचे पुठ्ठे कापून बॅगेत घेऊन गेले. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक मापाचा एक, लांबट, चौकोनी, लहान, मोठा. वजन यावं म्हणून दोन-दोन, तीन-तीन थर चिकटवले होते.

बाबांनी कपाळाला हात लावला. "एवढी शिकली अन पुठ्ठे कापून राहिली! दुकानात पाहून घे ना बा."

"दुकानात तुम्हाला आडवं पडून देतील का?"

मग पडले दिवाणावर. एकेक पुठ्ठा डाव्या हातात धरून पाहिला. एक रुंद होता, अंगठा पोचेना. एक लांबट, तो वरून झुकायचा. चौकोनाकडे झुकणारा, वहीपेक्षा थोडा लहान असा एक होता, तो त्यांनी धरला आणि धरूनच ठेवला. मी चहा टाकायला गेले. परत आले तरी तसेच. कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत, चष्मा नाकावर, दुसरा हात डोक्याखाली. अगदी वाचत असल्यासारखे.

"काय लिहिलंय?" मी म्हटलं.

"बरं लिहिलंय," बाबा म्हणाले, आणि आई गेल्यानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

तो पुठ्ठा घेऊन मी मल्लेश्वरमच्या एका दुकानात गेले. दुकानदारासमोर पुठ्ठा ठेवला आणि या मापाचं, कागदासारख्या स्क्रीनचं, कडेला पान उलटायचं बटण असलेलं दाखवा म्हटलं. त्यानं पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "स्वल्प दोड्डदु बेका?" म्हणजे थोडं मोठं हवंय का? मी म्हटलं मोठं नको, लहानही नको, हेच. पुठ्ठ्यावर यंत्र ठेवून चारी कडा जुळवून पाहिल्या. "सरी," म्हणजे बरोबर, असं मी म्हटलं आणि एकसारखी दोन घेतली.

त्यानंतरचा काळ माझा बंगळुरातला सगळ्यात चांगला काळ होता. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. तीच बस, तोच जिना. पण संध्याकाळी बाबांना फोन लावला की ते 'हं, बोल'सुद्धा म्हणायचे नाहीत. थेट, "एकशे बारा. तू?" मी म्हणायचे, "एकशे नऊ. थांबा तुम्ही." दुसऱ्या दिवशी बरोबरीला आलो की तोंडाचा पट्टा सुरू. "ते खालून तिसऱ्या ओळीत पाहा, हा वकील जेवायला बसला. अन पान उलटलं तर उपाशी झोपला! मधात काय झालं? ताट कोणी उचललं?" मी पान काढून बघायचे, आणि खालून तिसऱ्या ओळीत तो वकील खरंच जेवायला बसलेला असायचा. त्यांच्याकडे जिथे होता तिथेच. आठशे-हजार किलोमीटरवर दोघांच्या हातात एकच पान आहे, हे मला दर वेळी नव्यानं बरं वाटायचं. कधी कधी बाबा मधेच म्हणायचे, "तुझ्या आईला हा वकील आवडला नसता." मग थोडं आईबद्दल बोलणं व्हायचं. नुसतं आईबद्दल बोलायला बसलो असतो तर आम्हा दोघांनाही ते जमलं नसतं.

मग एक दिवस बाबा म्हणाले, "मी अक्षर एक पायरी वाढवलं बरं का." मी माझंही एक पायरी वाढवलं. काही महिन्यांनी पुन्हा एक पायरी. पुन्हा एक. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मधलं दिसायचं कमी होत जाईल, कडेचं राहील, आणि त्यावर फारसा उपाय नाही. बाबांनी मला ते एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या वाक्यात पान विचारलं. इकडे या म्हटलं, तर एकदा येऊन राहिले होते तेवढं त्यांना पुरलं होतं. "तू ऑफिसला गेली की तुझ्या त्या बिल्डिंगमध्ये मी मुका होतो." खोटं नव्हतं ते. मीही तिथे मुकीच असते, मला फक्त पगार मिळतो.

तर अशी आमची अक्षरं वाढत गेली, माझ्या पानावर दहा-अकरा ओळी उरल्या, आणि बसमधल्या गृहस्थांना माझ्या डोळ्यांची काळजी वाटू लागली.

याच सुमारास आम्ही एक जाडजूड कादंबरी घेतली होती. ती दोन भागांत होती. पुस्तकं मी ईमेलनं बाबांच्या यंत्रावर पाठवायचे, तिकडे आपोआप उतरायची. पहिला भाग संपला, दुसरा सुरू झाला, त्याची पानं पुन्हा एकपासून. फोनवर मी म्हटलं, "दुसऱ्या भागाचं वीस. म्हातारा परत आला, पाहिलं का?"

"हो ना. वाचलं मी. मी पण तिथंच आहे."

"मग? काय म्हणता?"

"बरं लिहिलंय," बाबा म्हणाले.

असं चार-सहा दिवस चाललं. मी पान सांगायचे, ते तिथंच असायचे. रविवारी सकाळी मी मेलबॉक्स साफ करायला बसले आणि पाहिलं तर दुसरा भाग ड्राफ्टमध्ये पडला होता. फाइल जोडलेली, बाबांचा पत्ता घातलेला, फक्त पाठवायचा राहिलेला. बाबांकडे तो भाग गेलाच नव्हता.

आधी मी चिडले. मला कुणी बनवलेलं खपत नाही. फोन उचलला, नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. काय विचारणार होते? खोटं का बोललात म्हणून? मग मी खुर्चीवर तशीच बसून मागे मागे जात राहिले. हल्ली पान आधी मीच सांगत होते. आधी ते सांगायचे. कधीपासून बदललं? भांडण होऊन किती दिवस झाले? दिवस खाऊन टाकल्याबद्दल, ताट गायब झाल्याबद्दल शेवटचं कधी ओरडले होते? पहिल्या भागातलं मला एकही आठवेना. आमच्या घरी कुठलंच पुस्तक कधी 'बरं लिहिलेलं' नसायचं. ते एकदाच म्हटलं होतं बाबांनी, कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघून.

त्यांना अक्षर दिसतच नव्हतं. अक्षराची शेवटची पायरी झाली होती आणि तिच्यापुढे यंत्रात पायरीच नव्हती. तरी ते रोज दिवाणावर पडून तो स्क्रीन धरत असणार आणि संध्याकाळी फोनची वाट बघत असणार, मी पान सांगेन म्हणून. मी इतके महिने बसमध्ये, जिन्यात, जेवताना, ती राक्षसी अक्षरं वाचत होते ती बाबांबरोबर म्हणून. कुठल्या पानापासून मी एकटीच होते, ते मला कधीच कळणार नव्हतं. मला फार एकटं वाटलं, आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं एवढं. आणि त्याच्याच मागोमाग हेही आलं की बाबा माझ्याआधीपासून एकटे होते आणि मला कळू नये म्हणून राबत होते. त्यांनाही फोन तुटायची तीच भीती असणार.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मी उघडायची नाही, असं ठरवलं. दुसरा भाग पाठवून दिला, आणि संध्याकाळी फोन लावला.

"बाबा, एक काम होतं. मी इथे मोठ्यानं मराठी बोलतच नाही हो दिवसभर. जीभ गंजून चालली. उद्यापासून रोज पान मोठ्यानं वाचू का तुमच्याजवळ? तुम्ही तुमच्याकडे बघून चुका काढा."

ही थाप होती, पण म्हणता म्हणता लक्षात आलं की यात खोटं काहीच नाही.

"वाच ना बा," बाबा म्हणाले. "कुठून वाचते?"

"दुसऱ्या भागाच्या पहिल्या पानापासून. मला ते नीट कळलं नव्हतं."

"मलाही," बाबा म्हणाले.

मी वाचायला लागले. दहा-अकरा ओळी झाल्या की पान संपायचं. मी "हं, पान उलटते," म्हणायचे आणि बटण दाबायचे, आणि पलीकडून बाबांचंही बटण ऐकू यायचं, टक्. त्यांच्यासमोर कुठलं पान होतं देव जाणे. पण टक् यायचं, आणि त्याच्या मागून त्यांचं "हं." म्हणजे वाच पुढे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते गप्प होते. मग म्हातारा परत आला आणि बाबा एकदम म्हणाले, "थांब, थांब. हा तर काशीला गेला होता ना? मग याच्या अंगावर हाच कोट कसा? तो तर घरी खुंटीला होता!" मी फोन जरा दूर धरला, कारण मला रडू आलं होतं आणि ते त्यांना ऐकवायचं नव्हतं.

तसा बराच काळ गेला. ती कादंबरी संपली, दुसरी लावली. टक् कधी बंद झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस जाणवलं की नुसतं "हं" येतंय. मी काही विचारलं नाही.

अलीकडेच एकदा मी पान संपवून बटण दाबत होते, तर बाबा म्हणाले, "एक सांगू? तू आता तुझं अक्षर लहान करून घे."

मी बटणावरचं बोट काढलं.

"किती थांबावं लागते तुला. दोन वाक्यं झाली की थांबली, दोन वाक्यं झाली की थांबली. ऐकून राहिलो ना मी. कशाला डोळ्यांसमोर एवढाले ठोकळे धरून बसते? तुझ्या मापाचं करून घे."

"बरं," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? सगळं त्यांना माहीत होतं, मला माहीत आहे हेही माहीत होतं, आणि त्यांनी ते अक्षराच्या सेटिंगमध्ये घालून सांगितलं होतं. ज्याला माया करायलाही काम लागतं त्या माणसानं आणखी कसं सांगावं?

मी ऐकलं त्यांचं. एकेक पायरी खाली उतरत माझ्या डोळ्यांच्या मापाला आले. बाबांनी पुठ्ठ्यावरून निवडलेला तो स्क्रीन एकदम केवढा तरी मोठा झाला. किती ओळी मावत होत्या त्यात! पान संपता संपत नव्हतं. मी वाचत गेले, वाचत गेले, कुठे थांबायची गरजच पडेना, आणि पलीकडून काही आवाज येईना. ते ऐकत आहेत की झोपले, की फोन तुटलाय, काही कळेना. पान संपायच्या बेतात आलं तेव्हा मी न राहवून विचारलं, "बाबा, आहात ना?"

"आहे ना. वाच तू, छान चाललंय आता."

दुसऱ्या दिवशी फोन लावण्याआधी मी अक्षर पुन्हा होतं तेवढं मोठं केलं. वाचायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली, पान संपलं, मी थांबले. बाबांना कळलंच असणार. रागावतील म्हणून मी बटणावर बोट ठेवून वाट पाहत राहिले.

"हं," बाबा म्हणाले.